अणुऊर्जा आणि नवीकरणीय ऊर्जा यांविषयीचा वाद (महाराष्ट्र)

देशाला लागणारी वीज भविष्यात प्रामुख्याने अणुभट्ट्यांतून मिळवावी की सूर्य, वारा व पाणी यांसारख्या नवीकरणीय स्रोतांतून, या प्रश्नावरील सार्वजनिक चर्चेला अणुऊर्जा–नवीकरणीय ऊर्जा वाद असे म्हटले जाते. महाराष्ट्रात या वादाला विशेष महत्त्व आहे. भारतातील पहिले अणुवीज केंद्र याच राज्यात तारापूर येथे उभे राहिले. देशातील सर्वांत मोठा नियोजित अणुवीज प्रकल्प रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे प्रस्तावित आहे. दुसरीकडे धुळे, नंदुरबार, सातारा व सांगली या जिल्ह्यांत पवनऊर्जेचा, तर खानदेश, मराठवाडा व विदर्भात सौरऊर्जेचा विस्तार झाला आहे. वीजनिर्मितीचा खर्च, सुरक्षितता, विजेचे सातत्य, अणुकचरा, जमीन व पाणी हे या वादाचे मुख्य विषय आहेत. दोन्ही मार्गांचा उद्देश कोळशावरील अवलंबित्व कमी करणे हाच असल्याने हा वाद पुष्कळदा दोन पर्यायांतील निवडीपेक्षा त्यांच्या प्रमाणाविषयीचा असतो.

पार्श्वभूमी

भारतात अणुऊर्जा आयोगाची स्थापना १९४८ साली झाली व होमी भाभा हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. मुंबईतील तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही संशोधन अणुभट्टी कार्यान्वित झाली. भारतात युरेनियमचे साठे मर्यादित, तर थोरियमचे साठे विपुल आहेत. ही परिस्थिती लक्षात घेऊन भाभा यांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम व जड पाणी वापरणाऱ्या भट्ट्या, दुसऱ्यात प्लुटोनियमवर चालणाऱ्या द्रुतगती प्रजनक भट्ट्या आणि तिसऱ्यात थोरियमचा वापर, असा हा क्रम आहे.

तत्कालीन ठाणे (सध्याच्या पालघर) जिल्ह्यातील तारापूर येथील पहिले दोन संच अमेरिकी कंपनीच्या साहाय्याने उभारण्यात आले व ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. या संचांना समृद्ध युरेनियम लागते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून होणारा इंधनपुरवठा अडचणीत आला आणि भारताला पुढे फ्रान्स, चीन व रशिया यांच्याकडून इंधन घ्यावे लागले. आयात तंत्रज्ञानाबरोबर आयात इंधनाचेही अवलंबित्व येते, हा आक्षेप या अनुभवातून पुढे आला. नैसर्गिक युरेनियमवर चालणारे ५४० मेगावॅटचे दोन स्वदेशी संच तारापूर येथे २००५ व २००६ साली सुरू झाले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांचे पुनर्वसन करण्यात आले. किनाऱ्यापासून दूर गेल्याने मासेमारीचा व्यवसाय तुटला, अशी विस्थापितांची तक्रार होती. पहिले दोन संच पन्नास वर्षांच्या सेवेनंतर २०२० साली मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आले.

नवीकरणीय ऊर्जेचा इतिहास महाराष्ट्रात अणुऊर्जेहून जुना आहे. टाटा उद्योगसमूहाचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१० च्या दशकात सुरू झाले. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढत १,९६० मेगावॅटपर्यंत पोहोचली. सध्याच्या वादात मात्र 'नवीकरणीय' या शब्दाने मुख्यतः सौर व पवन ऊर्जा अभिप्रेत असते.

जैतापूर प्रकल्प व आंदोलन

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे व वरीलवाडा या गावांच्या परिसरात सुमारे ९३८ हेक्टर जमिनीवर फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याची योजना आहे. प्रत्येकी १,६५० मेगावॅट याप्रमाणे एकूण ९,९०० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प मूळ आराखड्यात होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये त्यास अटींसह मंजुरी दिली. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या भारतभेटीत पहिल्या दोन संचांविषयी प्राथमिक करार झाला.

प्रकल्पाची जमीन बहुतांशी नापीक आहे, असे प्रशासनाचे म्हणणे होते. सड्यावरच्या या जमिनीत आंबा-काजूच्या बागा, गुरांची चराई व पावसाळी शेती चालते, असा प्रतिवाद स्थानिकांनी केला. अनेक शेतकऱ्यांनी सुरुवातीला नुकसानभरपाईचे धनादेश स्वीकारले नाहीत. संचांच्या शीतकरणासाठी वापरलेले पाणी समुद्रात परत सोडले जाणार असल्याने किनाऱ्यालगतचे पाणी तापेल व मासळी दूर जाईल, ही साखरी नाटे येथील मच्छीमारांची चिंता होती. त्यांच्या जमिनी प्रकल्पात जाणार नव्हत्या. त्यामुळे भरपाईच्या हिशोबात त्यांना स्थान मिळत नव्हते.

११ मार्च २०११ रोजी जपानमधील भूकंप व त्सुनामीमुळे फुकुशिमा येथील अणुवीज केंद्राचा वीजपुरवठा तुटला. पर्यायी डिझेल जनित्रेही पाण्याखाली गेली आणि शीतकरण बंद पडून तीन भट्ट्यांची गाभे वितळली. यानंतर कोकणातील विरोध तीव्र झाला. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात तारापूर ते जैतापूर अशी यात्रा आयोजित करण्यात आली. माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल एल. रामदास हे प्रकल्पाच्या विरोधकांत होते. राजकीय पक्षांपैकी शिवसेनेने प्रकल्पास विरोध केला. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी प्रकल्पाची बाजू जाहीरपणे मांडली, तर अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी आयात भट्ट्यांच्या निवडीवर टीका केली. त्यामुळे हा वाद वैज्ञानिक विरुद्ध अडाणी गावकरी असा कधीच नव्हता. वैज्ञानिकांतही मतभेद होते.

भूकंपाच्या शक्यतेवरही मतभेद झाले. रॉजर बिल्हॅम व विनोद गौर यांनी २०११ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात जैतापूर परिसराच्या भूकंपप्रवणतेविषयी लेख लिहून अधिक अभ्यासाची गरज दाखवली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात ताजी असल्याने या मुद्द्याला लोकांच्या मनात वजन आले. निवडलेली जागा सुरक्षित असून भट्ट्यांची रचना भूकंपाचा विचार करूनच केली जाते, असे अणुऊर्जा महामंडळाचे म्हणणे होते.

खानदेशातील वीजनिर्मिती

खानदेशात अणुवीज केंद्र नाही. तरीही या वादाच्या सर्व बाजू या प्रदेशात जवळून पाहता येतात. जळगाव–भुसावळ मार्गावरील नशिराबादपासून थोड्याच अंतरावर, भुसावळजवळ दीपनगर येथे महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे ५०० मेगावॅटचे दोन संच असून पुढे ६६० मेगावॅटचा संच उभारण्यात आला. या केंद्राला तापी नदीवरील हतनूर धरणातून पाणी मिळते. कोळशाची वाहतूक, उडणारी राख आणि पाण्याची गरज हे औष्णिक विजेचे परिणाम या परिसराच्या परिचयाचे आहेत. अणुऊर्जेचे व नवीकरणीय ऊर्जेचे समर्थक ज्या विजेला पर्याय शोधत आहेत, ती वीज ही आहे.

हीच तापी पुढे गुजरातेत गेल्यावर तिच्या खोऱ्यात काक्रापार अणुवीज केंद्र लागते. तेथील २२० मेगावॅटचे दोन संच १९९३ व १९९५ साली, तर ७०० मेगावॅटचे दोन स्वदेशी संच २०२३ व २०२४ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. काक्रापारच्या विजेतील वाटा महाराष्ट्रालाही मिळतो. ७०० मेगावॅटचे संच स्वदेशी तंत्रज्ञानाचे असल्याने अणुऊर्जेचे अनेक समर्थक आयात भट्ट्यांपेक्षा या मार्गाला पसंती देतात.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातील पठारांवर मोठ्या प्रमाणावर पवनचक्क्या उभ्या आहेत. याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली कार्यान्वित झाला. महाराष्ट्रात वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात जोर धरतो, म्हणजे ढगांमुळे सौरनिर्मिती घटते तेव्हा पवननिर्मिती वाढते. हे दोन स्रोत अशा प्रकारे काही अंशी परस्परपूरक ठरतात.

या प्रकल्पांविषयीही स्थानिक तक्रारी झाल्या. साक्री तालुक्यात पवनचक्क्यांसाठी वनजमिनी दिल्या जात असताना, त्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींच्या वनहक्कांचे काय, असा प्रश्न संघटनांनी उपस्थित केला. शिंदखेडा तालुक्यातील विखरण परिसरात औष्णिक प्रकल्पासाठी सुरू झालेले भूसंपादन पुढे सौर प्रकल्पाशी जोडले गेले. मोबदल्यात अन्याय झाल्याची तक्रार करणाऱ्या तेथील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले व काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. या घटनेचे राज्यभर पडसाद उमटले. साखरी नाटे आणि विखरण येथील घटनांचे स्वरूप भिन्न आहे. तथापि, ऊर्जा 'स्वच्छ' असल्याने तिच्यासाठी होणारे भूसंपादन आपोआप न्याय्य ठरत नाही, हे दोन्ही ठिकाणी दिसून आले.

वादाचे प्रमुख मुद्दे

निर्मितीचे सातत्य

अणुभट्टी इंधन भरणे व देखभाल यांचा काळ वगळता रात्रंदिवस चालते. सौर वीज फक्त दिवसा मिळते व वाऱ्याची वीज ऋतूवर अवलंबून असते. त्यामुळे केवळ मेगावॅटची तुलना फसवी ठरते. १,००० मेगावॅटचे अणुवीज केंद्र वर्षभरात ८० टक्के क्षमतेने चालले, तर सुमारे ७०० कोटी युनिट वीज मिळते. तितक्याच क्षमतेच्या सौर प्रकल्पातून १९ टक्के या गुणांकाने सुमारे १६६ कोटी युनिट मिळतात. म्हणजे समान विजेसाठी सौर क्षमता चौपटीहून अधिक असावी लागते.

नवीकरणीय ऊर्जेच्या समर्थकांच्या मते ही अडचण साठवणुकीने दूर होऊ शकते. दिवसा शिल्लक विजेवर खालच्या धरणातील पाणी वरच्या धरणात चढवून संध्याकाळी त्यापासून पुन्हा वीज निर्माण करण्याची पद्धत महाराष्ट्रात परिचित आहे. घाटघर येथील २५० मेगावॅटचा प्रकल्प या तत्त्वावर चालतो. विद्युतघटांचे दरही उतरत आहेत. साठवणुकीचा खर्च मिळवल्याशिवाय सौर विजेच्या दराची अणुविजेशी तुलना करू नये, असा यावर अणुऊर्जा समर्थकांचा प्रतिवाद आहे.

खर्च व कालावधी

राजस्थानातील भडला येथील सौर प्रकल्पासाठी मे २०१७ मध्ये प्रतियुनिट २.४४ रुपये इतका कमी दर निविदेत आला आणि सौर वीज महाग असते हा समज मागे पडला. सौर प्रकल्प साधारणतः एक-दोन वर्षांत उभा राहतो. याउलट जैतापूरसाठी निवडलेल्या प्रकारच्या भट्ट्यांचा युरोपातील अनुभव विलंबाचा आहे. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथील भट्टीचे बांधकाम २००५ साली सुरू झाले. ती २००९ मध्ये पूर्ण होणे अपेक्षित असताना नियमित निर्मिती एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथील भट्टीचे काम २००७ साली सुरू होऊन ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. चीनमधील ताइशान येथील अशाच दोन भट्ट्या २०१८ व २०१९ साली कार्यान्वित झाल्या.

एकदा उभे राहिलेले अणुवीज केंद्र मात्र दीर्घकाळ चालते व इंधनाचा खर्च तुलनेने कमी असतो. तारापूरच्या जुन्या संचांची वीज अनेक वर्षे देशातील स्वस्त विजेत गणली गेली. कोकणात या चर्चेला दाभोळ प्रकल्पाच्या अनुभवाची पार्श्वभूमी होती. तेथील महाग वीज घेणे राज्य वीज मंडळाने २००१ साली थांबवले होते. दर निश्चित न करता परदेशी कंपनीशी मोठा करार करू नये, हा धडा जैतापूरच्या विरोधकांनी वारंवार मांडला.

सुरक्षितता व दायित्व

प्रत्येक युनिट विजेमागे होणाऱ्या मृत्यूंचा विचार केल्यास अणुऊर्जा कोळशापेक्षा कितीतरी सुरक्षित ठरते, कारण कोळशाच्या धुराने होणारे आजार सतत व शांतपणे बळी घेतात. अणुअपघात विरळ असतात. परंतु चेर्नोबिल (१९८६) व फुकुशिमा (२०११) येथे दिसल्याप्रमाणे त्यांचा परिणाम विस्तृत प्रदेशावर होतो आणि तेथील माणसांना घरदार सोडावे लागते.

अपघातानंतरची भरपाई कोणी द्यायची, यासाठी २०१० साली अणुहानी नागरी दायित्व कायदा झाला. त्याने केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे दायित्व १,५०० कोटी रुपयांपर्यंत मर्यादित केले आणि ठरावीक परिस्थितीत सामग्री पुरवठादाराकडून वसुलीचा हक्कही दिला. ही मर्यादा तोकडी असल्याचे विरोधकांचे, तर पुरवठादारावरील जबाबदारी जाचक असल्याचे परदेशी कंपन्यांचे म्हणणे होते.

कचरा

वापरलेल्या अणुइंधनावर भारतात पुनर्प्रक्रिया केली जाते. उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत मिसळून घट्ट करण्याची सुविधा तुर्भे व तारापूर येथे आहे. त्याचे आकारमान कमी असले तरी त्यावर दीर्घकाळ देखरेख ठेवावी लागते. प्लुटोनियम-२३९ या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे २४,००० वर्षे आहे. सौर पॅनेलांचे आयुष्य सुमारे २५ वर्षे असल्याने पुढील काळात त्यांचाही कचरा वाढणार आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचा समावेश करण्यात आला आहे.

जमीन, पाणी व कार्बन

जमिनीच्या बाबतीत अणुऊर्जा काटकसरी आहे. जैतापूरच्या नियोजित ९,९०० मेगावॅटमधून ८० टक्के क्षमतेने मिळणारी वीज सौर पॅनेलांनी मिळवायची, तर सुमारे ४२,००० मेगावॅट सौर क्षमता लागेल. प्रत्येक मेगावॅटला दोन हेक्टर धरल्यास हे क्षेत्र सुमारे ८४,००० हेक्टर होते. मात्र सौर प्रकल्प विखरून, छपरांवर किंवा पडीक जमिनीवर उभारता येतात; अणुवीज केंद्राची जागा तशी विभागता येत नाही. पवनचक्क्यांच्या मधल्या जमिनीत शेती चालू राहू शकते.

पाण्याच्या बाबतीत स्थिती उलट आहे. अणुवीज केंद्राला औष्णिक केंद्राप्रमाणेच शीतकरणासाठी मोठ्या प्रमाणावर पाणी लागते. सौर पॅनेलांना केवळ धुण्यापुरते पाणी लागते. अवर्षणप्रवण भागात ही बाब निर्णायक ठरते.

हवामान बदलाच्या दृष्टीने दोन्ही पर्याय कोळशापेक्षा पुष्कळ सरस आहेत. आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या २०१४ च्या अहवालानुसार, संपूर्ण आयुष्यकाल धरता कोळशाच्या विजेचे मध्यक उत्सर्जन प्रतियुनिट ८२० ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पांचे ४८ ग्रॅम, अणुऊर्जेचे १२ ग्रॅम व जमिनीवरील पवनऊर्जेचे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके आहे.

शेतीची वीज

महाराष्ट्रात या वादाला शेतीचा एक वेगळा पैलू आहे. कृषिपंपांना दिवसा व रात्री आलटून पालटून वीज देण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ रूढ आहे. रात्रपाळीला पाणी देताना विजेचा धक्का, सर्पदंश व बिबट्याचे हल्ले यांना शेतकऱ्यांना तोंड द्यावे लागते. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल या केळी पिकवणाऱ्या तालुक्यांत उन्हाळ्यात पाण्यात खंड पडल्यास बागेचे मोठे नुकसान होते. त्यामुळे तेथे वीज किती मिळते याइतकेच ती केव्हा मिळते हेही महत्त्वाचे आहे.

पंपाला वीज दिवसा हवी असते आणि सौर वीज दिवसाच मिळते. या साध्या जुळणीवर २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आधारलेली आहे. तिच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात वीज उपकेंद्रांच्या जवळ सौर प्रकल्प उभारून कृषी वाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेताना हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी वाढ अशी तरतूद करण्यात आली. या पद्धतीत जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहत असल्याने भूसंपादनातील मूळ तंटा टळतो. शहरांची संध्याकाळची मागणी, रेल्वे व चोवीस तास चालणारे कारखाने यांना मात्र ही जुळणी लागू पडत नाही. अणुऊर्जेचे समर्थक नेमक्या याच मागणीकडे लक्ष वेधतात.

समन्वयवादी भूमिका

अणुऊर्जा व नवीकरणीय ऊर्जा परस्परविरोधी न मानता त्यांचा एकत्रित वापर करावा, अशीही भूमिका मांडली जाते. केंद्र सरकारचे अधिकृत धोरण याच स्वरूपाचे आहे. ग्लासगो येथील २०२१ च्या हवामान परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट जीवाश्मेतर क्षमतेचे व २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. जीवाश्मेतर क्षमतेत अणुऊर्जेचाही समावेश होतो. या भूमिकेवरील मुख्य आक्षेप निधीचा आहे. उपलब्ध भांडवल मर्यादित असल्याने एका मार्गावर केलेला खर्च दुसऱ्या मार्गातून वजा होतो, असे टीकाकार म्हणतात. जगातही एकमत नाही. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या अखेरच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तर फ्रान्स आपल्या विजेचा बहुतांश भाग अणुऊर्जेतून मिळवतो.

सद्यस्थिती

भारताच्या एकूण वीजनिर्मितीत अणुऊर्जेचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचे उद्दिष्ट आणि लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्याच वर्षी देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील जीवाश्मेतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचेच वर्चस्व कायम राहिले.

जैतापूरच्या भट्ट्या पुरवणाऱ्या फ्रेंच कंपनीचा अणुभट्टी व्यवसाय पुढे फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीकडे गेला. तिने २०१८ साली अणुऊर्जा महामंडळाशी पुढील वाटचालीचा करार केला व एप्रिल २०२१ मध्ये तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव सादर केला. त्यानंतरही विजेचा दर, दायित्व व अर्थपुरवठा हे वाटाघाटींतील प्रमुख विषय राहिले. माडबनच्या सड्यावरील जमीन २०१० पर्यंत संपादित झाली होती. तिच्यातून वीज निर्माण होण्यापूर्वीच साक्रीतील सौर प्रकल्पाने निर्मितीचे पहिले दशक पूर्ण केले.